घरात लॅपटॉप एकच, त्यावर विंडोजशेजारी लिनक्स कसं टाकायचं?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तू फोंड्याकडचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लॅबमध्ये सगळं उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) चालतं, आणि घरी लॅपटॉप एकच, त्यात विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी बाबा दुकानाचं बिलिंग आणि जीएसटी करतात. विंडोज ठेवून लिनक्स घालायचंय, पण तुझ्या मित्राने घातलं आणि त्याचा लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की (डिस्कचं कुलूप उघडणारा क्रमांक) मागत बसला, म्हणून भीती वाटते. जागा किती द्यायची, कुठलं लिनक्स घ्यायचं, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद करायचं का, हे तीन प्रश्न तू विचारलेस.

तिन्हींची उत्तरं खाली देतो, पण मला विचारशील तर तुझी खरी अडचण वेगळी आहे. हा लॅपटॉप तुझा एकट्याचा नाही. म्हणजे काम नीट झालं की नाही हे लिनक्स सुरू झालं यावरून ठरवायचं नाही. संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं की नेहमीसारखं विंडोज आणि त्यांचं बिलिंग समोर यायला हवं, मध्ये कुठलाही नवीन मेनू नको, रिकव्हरी कीची मागणी नको, प्रश्न नको, आणि उद्या तुला लिनक्स काढून टाकावंसं वाटलं तर मागे काही न राहता ते निघायला हवं. एवढं डोक्यात पक्कं ठेवलंस की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप होतात. मी म्हापशाला लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, आणि लिनक्स घालताना बिघडलेले म्हणून जे लॅपटॉप माझ्याकडे येतात त्यात लिनक्सच्या इन्स्टॉलरने घोळ घातला असं क्वचितच असतं. पेन ड्राइव्ह लावायच्या आधी विंडोजमध्ये जे करायला हवं होतं ते केलेलं नसतं. इन्स्टॉलेशन अर्ध्या तासाचं काम आहे, तयारीला मात्र एक अख्खी दुपार ठेव.

आता आधीच सांगतो, काही गोष्टी तुझ्या मॉडेलवर अवलंबून आहेत. वायफायची चिप कुठली, कंपनीने डिस्क कुठल्या मोडमध्ये ठेवलीय, एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप) चालू आहे का, हे लॅपटॉप बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण तपासायचं कसं ते सांगू शकतो.

आणि एक विचारतो, रागावू नको. तुला ड्युअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन सिस्टीम, खरंच हवंय का? लॅबमध्ये सी, पायथन, शेल स्क्रिप्टिंग एवढंच असेल तर विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे, त्यात अख्खं उबुंटू टर्मिनल मिळतं, पार्टिशनला (डिस्कच्या पाडलेल्या भागांना) हात लावावा लागत नाही आणि नको असेल तर अॅपसारखं काढून टाकता येतं. ८ जीबी रॅमवर ते बऱ्यापैकी चालतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरी सिस्टीम चालवणारं सॉफ्टवेअर) पूर्ण डेस्कटॉप चालवायचा म्हटलास तर मात्र ८ जीबी कमी पडतात, विंडोजलाच तीन-चार लागतात, उरलेल्यात दोघांचीही दमछाक होते. पण ऑपरेटिंग सिस्टीम्सच्या विषयाला कर्नल मॉड्यूल वगैरे लिहायचे असतील, नेटवर्किंगची प्रॅक्टिकल्स असतील, किंवा रोज लिनक्समध्येच राहून शिकायचं असेल तर खरं लिनक्स घालणंच बरं. तुझ्या लिहिण्यावरून मला हे दुसरं वाटलं म्हणून पुढचं लिहितोय.

दिवस कुठला निवडायचा? बाबांची जीएसटीची रिटर्न्स, जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत जातात (तीन महिन्यांनी भरत असतील तर तारखा थोड्या पुढे), तर त्या दिवसांत लॅपटॉपला हात लावायचा नाही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातही नाही. चवथीची (गणपतीची) सुट्टी चांगली, पण पाऊस असतो आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली आणि शिवाय चार्जर लावलेला, दोन्ही हवं. पार्टिशन लहान होत असताना लॅपटॉप बंद पडणं ही एकच गोष्ट अशी आहे की ती झाली तर पुढे माझ्या हातात फारसं काही उरत नाही.

बॅकअप. बाबांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपचा पर्याय असतो, तो त्यांच्याकडूनच घ्यायला लाव, कारण डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बऱ्याचदा आपल्याला वाटतं तिथे नसतं. तो बाहेरच्या ड्राइव्हवर घे आणि जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ. न उघडून बघितलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. त्याच बैठकीत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर घालून डिस्कची तब्येत बघून घे, तिथे ‘गुड’ लिहिलेलं हवं. ‘कॉशन’ असेल तर थांब, आधी डिस्क बदल. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवाल्या लॅपटॉपना हे जास्त लागू आहे, तुझी एसएसडी बहुतेक ठणठणीत असेल.

आता मित्राच्या निळ्या स्क्रीनकडे येऊ, कारण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. विंडोज ११ च्या होम आवृत्तीतही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं, आतून ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं सॉफ्टवेअरच आहे. नवीन लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा ते आपोआप चालू होतं आणि घरात कोणालाच त्याचा पत्ता नसतो. डिस्कचं कुलूप लॅपटॉपमधल्या टीपीएम नावाच्या चिपशी बांधलेलं असतं. सुरू होताना नेहमीचंच सॉफ्टवेअर नेहमीच्याच क्रमाने आलं तर चिप गुपचूप कुलूप उघडते. मध्ये काही बदललं, बायोसची (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) सेटिंग बदलली, विंडोजच्या आधी लिनक्सचा ग्रब (कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा प्रोग्रॅम) येऊन बसला, तर चिप म्हणते हा नेहमीचा रस्ता नाही, आणि की मागते. बिघाड काही झालेला नसतो, चिप तिचं कामच करत असते. पण नेहमीचा रस्ता परत करूनही कुलूप उघडलं नाही आणि की हाताशी नसेल तर डेटा गेला म्हणून समज. मी नाही, कोणीच तो काढून देऊ शकत नाही.

एक प्रसंग सांगतो. डिचोलीकडच्या एक शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, मुलाने लिनक्स घातलेलं, विंडोज रिकव्हरी की मागत होतं, आत दहावीच्या मुलांचे सगळे मार्क. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते म्हणून मी अकाउंट विचारलं तर त्यांना अकाउंट आहे हेच माहीत नव्हतं. विचारता विचारता कळलं की लॅपटॉप घेतला तेव्हा भाच्याने सगळं सेट करून दिलेलं, त्याच्याच ईमेलने, आणि भाचा तारवटी, तेव्हा बोटीवर. बोट बंदराला लागून त्याला नेट मिळेपर्यंत लॅपटॉप माझ्या कपाटात पडून होता. मग त्याने त्याच्या अकाउंटमधून कीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला, मी ते ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत टाकले आणि विंडोज जसंच्या तसं उघडलं. स्क्रीनवर की आयडी म्हणून काही अक्षरं दिसतात, अकाउंटमध्ये दोन-तीन लॅपटॉपच्या की असतील तर कुठली आपली हे त्यावरून ओळखायचं.

तर तू हे असं कर. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन. हा पर्यायच दिसत नसेल किंवा बंद असेल तर प्रश्न मिटला. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर लॉगिन करून रिकव्हरी की बघ, आणि ती कागदावर लिहून बाबांच्या फाइलमध्ये ठेव, लॅपटॉपमध्ये सेव्ह करून काही उपयोग नाही. मग एन्क्रिप्शन बंद कर. डिस्क पूर्ण मोकळी व्हायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेव आणि पूर्ण झालं असं सांगेपर्यंत पुढे जाऊ नको. उबुंटूचा इन्स्टॉलरही बिटलॉकर चालू दिसलं तर आधी ते बंद करून या असंच सांगतो.

इथे बरेच जण एन्क्रिप्शन कायमचं बंद ठेवायला सांगतात. मी नाही सांगणार. लॅपटॉपवर दुकानाचे हिशेब आहेत, गिऱ्हाइकांचे फोन नंबर आहेत, बसमध्ये राहिला तर ते सगळं उघड्यावर. लिनक्स घालून झालं, सगळं सुरळीत चाललं की विंडोज थेट सुरू करून (ग्रबमधून नाही, हे महत्त्वाचं) ते परत चालू कर. तेव्हा नवीन की तयार होते, जुना कागद निकामी होतो, तो फाडून नवीन लिहून ठेव. एन्क्रिप्शन चालू असलं की लिनक्समधून सी ड्राइव्ह सहज उघडत नाही, आणि तुझ्या बाबतीत ते चांगलंच आहे, तुझ्या प्रॅक्टिकलमधल्या एखाद्या चुकीच्या कमांडने बाबांची फाइल उडायला नको.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. विंडोज शट डाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, स्वतःची अर्धी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून उठतं. त्या अवस्थेत लिनक्सने त्याच पार्टिशनवर काही लिहिलं तर डेटा खराब होऊ शकतो, म्हणून लिनक्स बहुतेक वेळा ते पार्टिशन नुसतं वाचण्यापुरतं उघडतं, आणि मग पोरं विचारतात की फाइल सेव्ह का होत नाही. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाक. एसएसडीवर सुरू व्हायला दोन-चार सेकंद जास्त लागतील, बाबांच्या लक्षातही येणार नाही. विंडोजचं मोठं अपडेट आलं की ही खूण परत आलीय का ते एकदा बघत जा.

मग जागा करायची, आणि ती विंडोजमधूनच करायची, लिनक्सच्या इन्स्टॉलरकडून नाही. विंडोजचं पार्टिशन कुठे काय ठेवलंय ते विंडोजलाच नीट माहीत असतं. डिस्क मॅनेजमेंट उघड, सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. ५१२ जीबीची डिस्क तुला तिथे साधारण ४७६ दिसेल, घाबरू नको, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच. लिनक्सला ८० ते १०० जीबी दे. मी १०० म्हणेन, म्हणजे खिडकीत १०२४०० एमबी टाकायचे. ३० मध्येही बसतं, पण दोन-तीन मोठे प्रोजेक्ट, डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओ आलं की जागा संपते आणि नंतर वाढवायला गेलं की आत्तापेक्षा जास्त धोका पत्करावा लागतो. विंडोजमध्ये निदान शंभरेक जीबी मोकळे राहायला हवेत, त्या हिशेबाने कमी-जास्त कर.

कधी कधी २०० जीबी रिकामे असूनही विंडोज म्हणतं फक्त १५ जीबीच कमी करता येतील. कारण पार्टिशनच्या शेवटाकडे न हलणाऱ्या फाइल्स बसलेल्या असतात, हायबरनेशनची फाइल, पेज फाइल, रिस्टोअर पॉइंट. तिन्ही तात्पुरतं बंद करून रिस्टार्ट कर आणि परत प्रयत्न कर, बहुतेक वेळा आकडा वाढतो. झालं की पेज फाइल आणि सिस्टीम रिस्टोअर परत चालू करायला विसरू नको. जी मोकळी जागा निघेल तिच्यावर काळी पट्टी आणि ‘अनअॅलोकेटेड’ दिसेल. ती तशीच सोड. नवीन ड्राइव्ह बनवू नको, फॉरमॅट करू नको. सी च्या पुढे एक छोटं रिकव्हरी पार्टिशन असेल त्यालाही हात लावायचा नाही.

हे सगळं झालं की विंडोज दोनदा रिस्टार्ट करून बाबांना एक दिवस काम करू दे. हो, एक अख्खा दिवस. काही अडलं तर ते लिनक्सच्या आधीच कळलेलं बरं, नंतर मग नेमकं कशामुळे झालं हे शोधत बसावं लागतं.

कुठलं लिनक्स? लॅबमध्ये जी उबुंटूची एलटीएस (बरीच वर्षं अपडेट्स मिळणारी) आवृत्ती आहे तीच घे. सरांच्या शीटमधल्या कमांड्स जशाच्या तशा चालतात आणि अडलास तर शेजारच्याच्या स्क्रीनवर तेच दिसत असतं, नवशिक्याला यापेक्षा मोठी मदत नाही. विंडोजसारखी मांडणी हवी असेल तर लिनक्स मिंट २२, ते आतून उबुंटू २४.०४ च आहे आणि दोघांनाही २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत, ८ जीबीवर मिंट थोडं हलकं वाटतं. आर्च, काली वगैरे आत्ता नको. काली हे सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे, रोज वापरायची सिस्टीम नाही, आणि दरवर्षी कॉलेज सुरू झालं की काली घालून पाहिजे म्हणणारी पोरं माझ्याकडे येतात त्यांनाही मी हेच सांगतो.

आयएसओ (इन्स्टॉलेशनची अख्खी फाइल) त्यांच्याच वेबसाइटवरून उतरव, मित्राच्या पेन ड्राइव्हमधली जुनी नको. याला कारण आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजचं एक अपडेट आलं त्याने जुन्या, धोकादायक ठरलेल्या बूटलोडरना (सिस्टीम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम) सिक्युअर बूटमध्ये मज्जाव केला, आणि ड्युअल बूटवाल्या बऱ्याच लॅपटॉपवर लिनक्स अचानक ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत सुरूच होईना. ताजी आयएसओ असली की ही कटकट बहुतेक टळते. उबुंटूची आयएसओ ६ जीबीच्या आसपास असते, तर पेन ड्राइव्ह ८ जीबीचा किंवा मोठा, रिकामा. रुफस (आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहिणारं सॉफ्टवेअर) उघडून जीपीटी (डिस्कच्या मांडणीची पद्धत) आणि यूईएफआय (नवीन प्रकारचा बायोस) निवडून लिहायचं. त्याआधी विंडोजच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ बघ, तुझ्या लॅपटॉपला यूईएफआयच असेल.

तुझा तिसरा प्रश्न इथेच येतो. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन सगळ्यांचे बूटलोडर सही केलेले असतात, ते सिक्युअर बूट चालू असतानाच सुरू होतात. जुन्या व्हिडिओंमध्ये बंद करा म्हणून सांगतात ते सोड. बंद केलंस की बिटलॉकरलाही रस्ता बदलल्यासारखं वाटतं आणि परत तीच निळी स्क्रीन. फक्त एनव्हिडियाचं कार्ड असेल किंवा वायफायला बाहेरचा ड्रायव्हर लागत असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रिस्टार्ट झाल्यावर ‘मॉक मॅनेजमेंट’ नावाची निळी स्क्रीन येते. ही निळी वेगळी, हिला घाबरायचं नाही. ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, आणि तो ठरवलेला पासवर्ड. ती थोडेच सेकंद थांबते, त्या वेळी चहा आणायला गेलास तर ती निघून जाते आणि मग ड्रायव्हर का चालत नाही ते कळत नाही.

पेन ड्राइव्ह लावून चालू करताना बूट मेनूची की दाब. डेल, लेनोव्हो, एसरला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, एसूसला एस्केप. एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एफ१२ आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. मेनूतून ‘ट्राय’ घे, म्हणजे काहीही न घालता लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालतं. इथे निवांत अर्धा तास घालव. वायफाय जोडून बघ, आवाज, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, ब्राइटनेसच्या कीज, झाकण बंद करून परत उघडल्यावर नीट जागा होतो का. वायफाय दिसलंच नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू कर, ते जवळजवळ सगळीकडे आपोआप चालतं, आणि त्या नेटवरून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. दोन-तीन गोष्टी चालत नसतील तर इथूनच परत फिर, अजून काहीही बदललेलं नाहीये.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर? इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी नावाच्या मोडमध्ये असते, ती एएचसीआय या साध्या मोडवर न्यावी लागते. पण बायोसमध्ये जाऊन सरळ बदललंस तर विंडोज सुरूच होत नाही. म्हणून आधी विंडोजमध्ये सिस्टीम कॉन्फिगरेशन उघडून बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट, मिनिमल’ला खूण कर, रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदल, मग विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि नवीन ड्रायव्हर घेईल, मग ती खूण काढून परत रिस्टार्ट. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड माहीत असायला हवा, बाबांना आधीच विचारून ठेव. एसरमध्ये व्हीएमडीचा पर्याय लपवलेला असतो, बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस दाबलं की दिसतो. हे एकट्याने पहिल्यांदाच करत असशील तर कोणी जाणकार शेजारी बसलेला असू दे.

आता इन्स्टॉलेशन. ‘विंडोजच्या शेजारी’ असा तयार पर्याय येतो आणि तो बहुतेक वेळा नीट काम करतो, पण मी स्वतः मॅन्युअल घेतो, कारण त्यात आपण नेमकं काय करतोय ते डोळ्यांनी दिसतं. ‘इरेज डिस्क’ म्हणजे सगळं पुसणार, बाबांच्या बिलिंगसकट. मॅन्युअलमध्ये ती १०० जीबीची ‘फ्री स्पेस’ शोध, तिथे ईएक्सटी४ (लिनक्सची फॉरमॅटची पद्धत) पार्टिशन कर आणि माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ, रूट. होमचं वेगळं पार्टिशन, स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन लागत नाही, स्वॅपची फाइल इन्स्टॉलर स्वतः करतो. डिस्कच्या सुरुवातीला १०० ते २६० एमबीचं एक फॅट३२ पार्टिशन असेल, ते ईएफआय, विंडोजचा बूटलोडर त्याच्यात राहतो. लिनक्सचा बूटलोडरही तिथेच शेजारी जाऊन बसतो, जागा पुरते. त्याला फॉरमॅटची खूण नाही म्हणजे नाही. शेवटी काय काय बदलणार त्याची यादी येते. ती एकेक ओळ वाच. फॉरमॅट होणारं पार्टिशन एकच असायला हवं, तुझं नवीन. दुसऱ्या कुठल्याही ओळीत फॉरमॅट दिसलं तर मागे जा. त्या यादीनंतरचं बटण दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं गेलेलं नसतं, म्हणून इथे घाई करायचं कारणच नाही.

झालं की लॅपटॉप उठतो तो ग्रबच्या काळ्या मेनूवर, वर उबुंटू, खाली कुठेतरी विंडोज. बहुतेक लोक इथे थांबतात. तू थांबू नको. बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ परत पहिल्या नंबरला आण. म्हणजे बाबांनी बटण दाबलं की सरळ विंडोज, आणि तुला लिनक्स हवं तेव्हा तू चालू करताना बूट मेनूची की दाबून उबुंटू निवडायचं. रोज एक की दाबायचा त्रास तुला, पण बदल्यात बिटलॉकरला त्याचा नेहमीचा रस्ता मिळतो, विंडोजची अपडेट्स येताना मध्येच रिस्टार्ट झालं तरी ते लिनक्समध्ये जाऊन अडकत नाही, आणि ग्रब उद्या बिघडला तरी दुकानाचं काम अडत नाही. एकट्याचा लॅपटॉप असता तर मी ग्रबच पहिला ठेव म्हटलं असतं. घरच्या लॅपटॉपला मी हे असंच करून देतो.

लिनक्स सुरू झाल्यावर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागलं तर कारण साधं आहे, विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात इथली वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ. लिनक्सलाच विंडोजसारखं वागायला सांग, टाइमडेटसीटीएल नावाच्या कमांडने लोकल आरटीसी १ केलं की झालं. हे दुर्लक्ष करण्यासारखं वाटतं, पण बाबांच्या बिलावर चुकीची वेळ आणि कधी कधी तारीखही जाईल, म्हणून त्याच दिवशी करून टाक. दोन्हीकडून लागणाऱ्या फाइल्ससाठी, सबमिशन वगैरे, क्लाउड किंवा पेन ड्राइव्ह वापर, सी ड्राइव्ह नाही.

मराठी टायपिंगचं तू विचारलं नाहीस पण सांगतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठी परत विंडोजकडे जातात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट असतं, फोनेटिक हवं असेल तर कगप नावाचा मराठी लेआउट आहे, युनिकोड सगळीकडे नीट दिसतं. फक्त छापखान्यात वापरतात त्या जुन्या फाँटमधल्या फाइल्स असतील तर त्या विंडोजमध्येच उघड.

काढायचं झालं तर क्रम लक्षात ठेव. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे ना ते बघ (तुझ्याकडे तो असेलच), विंडोज थेट सुरू कर, मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट, मग सी वर राइट क्लिक करून एक्स्टेंड. ईएफआयमधलं उबुंटूचं छोटं फोल्डर राहिलं तरी काही बिघडत नाही. ग्रब पहिला असताना पार्टिशन उडवलं की काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ येतं आणि लोकांना वाटतं विंडोज गेलं. गेलेलं नसतं, बूट मेनूच्या कीने विंडोज निवडलं की उठतं.

तुझ्या मित्रालाही सांग, त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करू नको. ज्या ईमेलने तो पहिल्यांदा सेट केला ते आधी शोध, घरात, दुकानदाराकडे, कॉलेजच्या आयडीवर, कॉलेजच्या अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर की कॉलेजच्या आयटीवाल्यांकडे असू शकते. आणि तोपर्यंत बूट मेनूमधून थेट विंडोज बूट मॅनेजर निवडून बघू दे, बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलेलं असेल तर परत चालू करून. बऱ्याचदा एवढ्यानेच की न मागता विंडोज उघडतं, आणि उघडलं की पहिलं काम म्हणजे ती की लिहून घेणं.

तू लॅपटॉपचं मॉडेल, डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे की बंद, आणि श्रिंक करताना किती एमबी दाखवतंय ते इथे लिही. त्यावरून व्हीएमडीची भानगड तुला लागेल की नाही ते सांगतो.